‘मीच तो’ म्हणणाऱ्यांची पारख

चैत्रात सप्तशृंगीच्या वाटेला खानदेशातून पायी येणाऱ्यांची रीघ लागते. संबळ वाजू लागला की त्यातली एखादी बाई घुमायला लागते. बायाबापड्या तिला हळदकुंकू लावतात, ओटी भरतात, हात जोडून घरची दुखणी विचारतात. वारं उतरलं की ती पाणी पिते, पदर सावरते, लेकरू कडेवर घेते आणि चारचौघींसारखी दर्शनाच्या रांगेत उभी राहते. दुसऱ्या दिवशी तिला कुणी देवी म्हणत नाही, आणि ती स्वतःही म्हणवून घेत नाही. अंगात येण्याबद्दल प्रत्येकाचं मत वेगळं असेल. पण सप्तशृंगीजवळच्या आम्हा वणीकरांच्या मुलखात या प्रकाराला एक न लिहिलेली मर्यादा आहे: देवीचा मुक्काम घटकाभराचा, माणूस मात्र माणूसच राहतो. ‘मीच तो’ असं कायमचं सांगणारा माणूस या मर्यादेबाहेर पाऊल टाकतो आणि तिथून त्याची पारख करण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

अशी एक पारख वणीपासून चाळीसेक किलोमीटरवर, नाशिकात झाली. साल होतं 1931. पारख करणारा होता पॉल ब्रंटन हा इंग्रज लेखक, आणि ज्याची पारख करायची ते होते मेहेरबाबा.

मेहेरबाबा म्हणजे मेरवान शेरियार इराणी, जन्म पुण्यातला, 25 फेब्रुवारी 1894 चा. डेक्कन कॉलेजात शिकत असताना पुण्याच्या चार बावडीत कडुनिंबाखाली बसणाऱ्या हजरत बाबाजान या वृद्ध फकीर स्त्रीकडे ते जाऊ लागले. तिने त्यांच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि त्यानंतर या तरुणाची शुद्धच हरपली, असं त्यांचे भक्त सांगतात. पुढे शिर्डीचे साईबाबा आणि साकोरीचे उपासनी महाराज यांच्याकडे त्यांची ये-जा सुरू झाली. उपासनी महाराज आपल्याच जिल्ह्याचे. काशिनाथ गोविंद उपासनी, 1870 मध्ये सटाण्याला जन्मलेले. एका इराणी घरातल्या झरथुष्ट्री मुलाला बागलाणातल्या ब्राह्मणाने सहा महिने साकोरीत जवळ ठेवून घ्यावं, आणि त्याला मुसलमान फकिरिणीचाही आशीर्वाद असावा, हे शंभर वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्रात घडलं. मला याचं फार मोल वाटतं.

पण त्यांच्या स्वतःच्या समाजातल्या सनातन्यांना हे पचलं नाही. झरथुष्ट्राच्या धर्मात जन्मलेला माणूस हिंदू गुरूच्या पायाशी बसतो आणि पुढे स्वतःलाच अवतार म्हणवतो, हे पुण्या-मुंबईच्या पारशी-इराणी धर्माभिमान्यांनी नाकारलं. समाजातले अनेक जण त्यांचे भक्त झाले, पण सनातन्यांचं दार बंदच राहिलं.

10 जुलै 1925 रोजी नगरजवळच्या अरणगाव इथल्या मेहेराबादेत त्यांनी मौन धरलं. ब्रंटन 1930 च्या अखेरीस त्यांना भेटला तेव्हा ते एका पाटीवरच्या अक्षरांवर बोट फिरवून बोलत. आपण जगाला नवं वळण द्यायला आलो आहोत, योग्य वेळी मौन सोडू, असं त्यांचं सांगणं. ब्रंटन नाशिकच्या आश्रमात येऊन राहिला. तो टवाळी करायला आला नव्हता. हिंदुस्थानात खरा गुरू शोधायचा म्हणून समुद्र ओलांडून आला होता. त्याने पाहिलं, ऐकलं, प्रश्न विचारले, आणि पटलं नाही म्हणून निघून गेला. पुढे तिरुवण्णामलईला रमण महर्षींपाशी त्याचं मन स्थिरावलं. 1934 साली निघालेल्या ‘अ सर्च इन सीक्रेट इंडिया’ या पुस्तकात त्याने मेहेरबाबांचा उल्लेख ‘पारशी मसीहा’ असा केला आणि आपला नकार जगासमोर मांडला.

मला या प्रसंगात महत्त्वाचं वाटतं ते हे की ब्रंटनला जाता आलं. त्याचे पैसे कुणी अडकवले नाहीत, त्याला कोंडलं नाही. मेहेरबाबांनी 1954 मध्ये आपण या युगाचे अवतार आहोत असं जाहीरपणे सांगितलं. 31 जानेवारी 1969 ला देह ठेवला तोवर त्यांचं मौन सुटलं नव्हतं. त्यांचा दावा खरा होता का, हे ठरवण्याचा अधिकार मी घेत नाही. मात्र 1920 च्या दशकात मेहेराबादेत अरणगावच्या अस्पृश्य मुलांना इतरांसोबत शिकवणारी शाळा होती, दवाखाना होता, आणि ते स्वतः कुष्ठरोग्यांचे पाय धूत, हे विसरून चालणार नाही. दरवर्षी 31 जानेवारीला अमरतिथीसाठी देशोदेशीचे लोक आजही तिथे जमतात.

आता याच्या अगदी उलट माणूस पाहू. अमेरिकेतला रॉबर्ट मॅथ्यूज, 1788 मध्ये न्यूयॉर्क राज्यात जन्मलेला सुतार. धंदा बुडाला, मुलं दगावली. 1830 मध्ये त्याने ऑल्बनी शहराचा नाश होणार असं भाकीत केलं आणि बायकोला मागे टाकून बाहेर पडला. ‘मॅथायस’ हे प्रेषिताचं नाव त्याने घेतलं. 1832 मध्ये न्यूयॉर्कच्या एलायजा पिअर्सन या सधन व्यापाऱ्याच्या घरी तो पोहोचला. पिअर्सनची बायको आधीच वारली होती आणि प्रार्थनेच्या बळावर ती उठून बसेल या आशेने त्याने प्रयत्नही केला होता. अशा दुखऱ्या घरात मसीहाला शिरायला वेळ लागला नाही. बेंजामिन फोल्जर हा दुसरा व्यापारीही नादी लागला, आणि सिंग सिंग गावातलं फोल्जरचं घर मॅथायसचं राज्य झालं. पैसा भक्तांचा, हुकूम त्याचा. फोल्जरची बायको ॲन ही आपल्या आत्म्याची जोडीदार आहे असं सांगून त्याने तिला आपल्याकडे घेतलं आणि बेंजामिनला बदल्यात स्वतःची विवाहित मुलगी दिली. ऑगस्ट 1834 मध्ये पिअर्सन संशयास्पद रीतीने मेला. एप्रिल 1835 मध्ये खटला उभा राहिला. खुनाच्या आरोपातून मॅथायस सुटला. मुलीला चाबकाने मारल्याबद्दल मात्र तुरुंगात गेला.

त्या घरात इझाबेला नावाची एक कृष्णवर्णीय बाई राबत होती. फोल्जर दांपत्याने विषप्रयोगाचा आळ तिच्यावर घातला. गुलामीत जन्मलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या बाईने बदनामीचा दावा लावला आणि 125 डॉलर भरपाई मिळवली. 1843 मध्ये तिने नाव बदललं. तीच सोजर्नर ट्रुथ, गुलामगिरीविरोधी आणि स्त्रियांच्या हक्कांच्या चळवळीतली थोर वक्ती.

तुरुंगातून सुटलेला मॅथायस 9 नोव्हेंबर 1835 रोजी ओहायोमधल्या कर्टलंड गावी जोसेफ स्मिथच्या दाराशी आला. ‘मी जोशुआ, यहुदी धर्मोपदेशक’ अशी त्याने ओळख दिली. स्मिथ तेव्हा एकोणतीस वर्षांचा. त्याने स्थापन केलेल्या मॉर्मन पंथाला उणीपुरी साडेपाच वर्षं झाली होती. स्मिथने त्याला ठेवून घेतलं, जेवू घातलं, आपल्याला झालेल्या पहिल्या दर्शनाची हकीकत सांगितली आणि त्याचंही ऐकलं. प्रेषित मॅथायसचा आत्मा आपल्यात उतरला आहे, हे पाहुण्याने कबूल केलं. तिसऱ्या दिवशी स्मिथने त्याला स्पष्ट सांगितलं की तुझी शिकवण सैतानाची आहे, आणि निघायला लावलं.

स्वतःला ईश्वरी संदेश येतात म्हणणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या संदेशांना नकार दिला, यात एका म्यानात दोन तलवारी न राहण्याचा भाग असेलच. पुढे स्मिथच्या पंथालाही असेच नकार पचवावे लागले. 1852 मध्ये त्यांचा ह्यू फिंडले हा प्रचारक मुंबईत आणि मग पुण्यात आला, तेव्हा लष्करी छावणीत त्याला विरोधच झाला. तरीही कर्टलंडची रीत मला मोलाची वाटते. पाहुण्याला आधी खाऊ घातलं, दोन दिवस पुरतं ऐकलं आणि मग तोंडावर ‘नाही’ म्हटलं. पिअर्सनच्या दुःखी घराला हे जमलं नव्हतं.

महाराष्ट्रात हा नकार आता कायद्यातही उतरला आहे. 20 ऑगस्ट 2013 रोजी अंधश्रद्धा निर्मूलनासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. या कायद्याने देवाला मानणं किंवा स्वतःला अवतार म्हणणं गुन्हा ठरत नाही. आपण अवतार आहोत असं भासवून, किंवा गेल्या जन्मी तू माझी बायको होतीस असं सांगून भक्ताशी शरीरसंबंध ठेवणं मात्र गुन्हा आहे. अनुसूचीतलं हे कलम वाचताना सिंग सिंगचं घर डोळ्यांपुढे येतं. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, आणि दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये.

तेव्हा वाचकहो, तुमच्या गावात कुणी ‘मीच तो’ म्हणत आला, तर त्याच्या चमत्कारांपेक्षा त्याच्या घराकडे बघा. पैसा कुणाचा आणि हिशेब कुणाकडे, बायका आणि पोरं त्याच्यासमोर कशी बोलतात, सोडून जाणाऱ्याला सुखाने जाता येतं का, हे आधी विचारा. आणि कुणाला धमकी, मारहाण किंवा अंगाला हात लावण्याचा प्रकार झालेला कळला, तर थेट पोलीस ठाणं गाठा. या कायद्यासाठी तिथे दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. शेजारच्या घरातली गोष्ट म्हणून गप्प बसू नका.