नवा हेडर, नवी टकटक: एक्झॉस्टच्या गळतीबद्दलचे गैरसमज

मूळचा सायलेन्सर काढून फ्री-फ्लो बसवला, बिडाच्या मॅनिफोल्डच्या जागी स्टेनलेसचा हेडर आला, आणि चार दिवसांनी सकाळी गाडी सुरू करताच बॉनेटखालून बारीक टक-टक ऐकू येऊ लागली. गाडी तापली की आवाज नाहीसा. मग सल्ले सुरू होतात. मॉडिफाय केलेल्या गाडीत एवढं चालायचंच. बोल्ट अजून आवळ. थोडं सिलिकॉन लाव. काजळी बसली की आपोआप बंद होईल. यांतला एकही सल्ला पाळण्यासारखा नाही आणि काही तर सरळ धोक्याचे आहेत. या फटीतून नुसता आवाज येत नाही, कार्बन मोनॉक्साइडही येतो, आणि गाडीत आपल्यासोबत घरची माणसं बसलेली असतात. म्हणून हे गैरसमज एकेक करून सोडवायला हवेत.

‘तापल्यावर आवाज जातो, म्हणजे गळती किरकोळ आहे’

आवाज जातो कारण धातू तापून फुगतो आणि फट तात्पुरती मिटते. किती फुगतो, हे पाहण्यासारखं आहे. चार सिलिंडरच्या इंजिनाला बसणारी स्टेनलेसची फ्लँज साधारण ४०० मिलिमीटर लांब धरू. ती ४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापली तर तिची लांबी अडीच मिलिमीटरच्या आसपास वाढते. ती ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या हेडला जखडलेली असते, ते हेड कूलंटमुळे शंभर अंशांच्या आसपासच राहतं आणि जेमतेम पाऊण मिलिमीटर वाढतं. म्हणजे प्रत्येक फेरीत फ्लँज हेडवर घासत पुढे सरकते आणि गाडी थंड झाली की मागे येते. मूळचं बिडाचं मॅनिफोल्ड जाड असतं आणि स्टेनलेसपेक्षा बरंच कमी फुगतं, म्हणून ते वर्षानुवर्षं टिकतं. पातळ फ्लँजचा स्वस्त हेडर मात्र काही महिन्यांतच वाकतो आणि कडेच्या सिलिंडरपाशी गॅसकेट उघडं पडतं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय काम करत नाही आणि थंड इंजिनाला ईसीयू मुद्दाम जास्त पेट्रोल देतो. म्हणजे ज्या वेळी धूर सगळ्यात विषारी असतो, नेमकी त्याच वेळी फट सगळ्यात रुंद असते. सकाळी इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी ‘गरम करत’ उभी ठेवणाऱ्यांनी तर हे नीट ध्यानात घ्यावं.

काजळीने फट बुजते हेही खरं नाही. फटीभोवती उमटणारा काळा फराटा गळतीचा पुरावा आहे, तिच्यावरचा इलाज नव्हे. त्या वाटेने जाणारा गरम वायू गॅसकेट रोज थोडं थोडं खातच असतो.

टॅपेट की गळती?

या प्रश्नावर गॅरेजात हमखास वाद होतो, आणि तो होणं साहजिक आहे. एका सिलिंडरपाशी गळती असेल तर टक-टकचा वेग क्रँकच्या फेऱ्यांच्या निम्मा असतो. व्हॉल्व्हही त्याच वेगाने उघडतात-मिटतात. त्यामुळे ८०० आरपीएमवर दोन्ही आवाज मिनिटाला चारशे वेळा येतात आणि कान फसतो. खात्री करायचा एक चांगला मार्ग आहे: इंजिन आयडलवर असताना एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काही सेकंद काढून पाहायचा. ज्या सिलिंडरमध्ये ज्वलन थांबलं, तिथली गळतीची टक-टक एकदम मंदावते; टॅपेटची मात्र तशीच चालू राहते. कॉइलचा कनेक्टर काढू नये, कारण मग न जळलेलं पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं. चेक इंजिनचा दिवा लागेल, तो नंतर स्कॅनरने घालवता येतो. हा तपास न करता टॅपेट सेट करून घेतलेल्या आणि तरीही वाजतच राहिलेल्या गाड्या काही कमी नाहीत.

‘फटीतून वायू बाहेर जातो, आत काय येणार?’

एक्झॉस्टमधला दाब सतत जास्त असतो, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तो लाटांनी येतो. चार सिलिंडरच्या इंजिनात आयडलला सेकंदाला सव्वीस-सत्तावीस झटके बसतात आणि दोन झटक्यांच्या मध्ये पाइपातला दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो. त्या क्षणी फट बाहेरची हवा आत ओढून घेते. गळती पहिल्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल तर ही आगंतुक हवा सेन्सरपर्यंत पोहोचते. सेन्सर ईसीयूला कळवतो की ऑक्सिजन उरतोय, मिश्रण पातळ आहे. ईसीयूचा सेन्सरवर विश्वास असतो. हवा आणि पेट्रोलचं वजनातलं प्रमाण १४.७ ला १ राखण्यासाठी तो इंजेक्टर जास्त वेळ उघडे ठेवतो. मिश्रण मुळात ठीकच होतं. आता ते घट्ट होतं.

पुढचं सगळं यातूनच निघतं. मायलेज घसरतं. प्लग काळे पडतात. जादा पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळून त्याचं आयुष्य कमी करतं. डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी-०१७१, म्हणजे ‘मिश्रण पातळ’, असा कोड येतो. मग लोक इंजेक्टर साफ करून घेतात, फ्युएल पंप बदलतात, ऑक्सिजन सेन्सरला दोष देऊन नवा आणतात. सेन्सर बिचारा खरं तेच सांगत असतो. नवा हेडर किंवा डाऊनपाइप बसवल्यानंतर हा कोड आला, तर खर्चाला हात घालण्याआधी सेन्सरपर्यंतचा प्रत्येक जोड तपासावा. ज्या छिद्रात सेन्सर बसतो त्याचं वेल्डिंग आणि सेन्सरचं वॉशरही त्यात आलं. दुसऱ्या सेन्सरजवळच्या गळतीने पी-०४२०, म्हणजे कन्व्हर्टर निकामी झाल्याचा कोड येऊ शकतो, आणि चांगला कन्व्हर्टर विनाकारण भंगारात जातो.

अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर मागून येणारे फट-फट आवाज काही तरुण मंडळींना आवडतात. मुद्दाम तसं ट्यूनिंग केलेलं नसेल तर पाइपातलं न जळलेलं पेट्रोल फटीतून आलेल्या हवेवर पेटल्याची ती खूण असू शकते. टर्बो गाडीत टर्बोच्या आधी गळती असेल तर टर्बाइन फिरवणारी ऊर्जाच बाहेर जाते आणि गाडी उशिरा ओढ घेते. ‘इंजिनाला थोडा बॅक प्रेशर लागतोच, म्हणून फ्री-फ्लो लावल्यावर खालचा टॉर्क जातो’ हेही अर्धसत्य आहे. इंजिनाला अडथळा नको असतो; वायूचा वेग हवा असतो, म्हणजे एक झटका जाताना मागच्याला ओढून नेतो. पाइप गरजेपेक्षा रुंद घेतला की हा वेग पडतो आणि टॉर्क त्यामुळे जातो. गळती हा त्यावरचा उपाय नक्कीच नाही.

‘धूर आत आला तर वास येईलच’

कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. एक्झॉस्टचा जो वास येतो तो बाकीच्या घटकांचा. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, म्हणून थोडा वायूही बराच काळ नाकात जात राहिला की त्रास होतो. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, गुंगी येते. आपल्याकडे घाट चढताना कुणाला असं झालं की ‘गाडी लागली’ म्हणून लिंबू हातात देतात. गाडी लागणं खरं असूही शकतं. पण एक्झॉस्टचं काम नुकतंच झालेलं असेल आणि एकाहून अधिक जणांना एकाच वेळी त्रास होत असेल, तर गाडी थांबवा, इंजिन बंद करा, सगळ्यांना मोकळ्या हवेत उतरवा. त्रास कमी झाला नाही तर डॉक्टर गाठा.

गळती बॉनेटखाली असली तर केबिनपासून लांब आहे, असंही समजू नये. बहुतेक गाड्यांत एसीची बाहेरची हवा समोरच्या काचेच्या पायथ्याशी, म्हणजे बॉनेटच्या मागच्या कडेला, आत घेतली जाते. मागच्या टोकाची गळतीही निरुपद्रवी नसते. चालत्या गाडीच्या मागे कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि डिकीचं रबर सुटलं असेल किंवा वायरिंगच्या भोकातलं रबर निघालं असेल तर धूर तिथून आत येतो. सामान मावत नाही म्हणून डिकी अर्धवट उघडी बांधून निघणं याच कारणासाठी वाईट. एसी रीसर्क्युलेशनवर ठेवून आत आलेला वायू बाहेर जात नाही, तोच फिरत राहतो.

सिलिकॉन, पुट्टी आणि पाना

लाल रंगाचं ‘हाय टेम्परेचर’ सिलिकॉन साधारण ३०० ते ३४० अंशांपर्यंत तग धरतं. पेट्रोल इंजिनाच्या एक्झॉस्ट पोर्टमधून बाहेर पडणारा वायू जोरात चालवताना ८०० अंशांच्या पुढे जातो. म्हणजे मॅनिफोल्डवर लावलेलं सिलिकॉन पहिल्याच लांब प्रवासात जळून जाणार. शिवाय सिलिकॉनची वाफ ऑक्सिजन सेन्सरवर थर धरून तो कायमचा बिघडवते. घरातल्या नळाला लावायची इपॉक्सी पुट्टी तर याहून फार कमी तापमानाला हार मानते. एक्झॉस्टसाठी मिळणारी खास पेस्ट मागच्या बाजूच्या, एकात एक सरकणाऱ्या पाइपांच्या जोडाला चालते. हेडरच्या फ्लँजला किंवा तडा गेलेल्या पाइपाला चालत नाही. अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी कुणी गुंडाळायला आणली, तर त्या गॅरेजातून गाडी परत घेऊन यावी. त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन कर्करोग होऊ शकतो.

बोल्ट अजून आवळणं हा सगळ्यांना सुचणारा उपाय, आणि सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. फ्लँज वाकलेली असेल तर जोर लावून ती सरळ होत नाही. होतं ते इतकंच, की अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे जातात किंवा स्टड तुटतो, आणि मग दोनशे रुपयांच्या गॅसकेटचं काम हेड उतरवण्यापर्यंत जातं. बरोबर रीत अशी: गाडी पूर्ण थंड असताना हेडर काढायचा. हेडवर चिकटलेलं जुनं गॅसकेट न ओरखडता साफ करायचं. फ्लँजवर सरळ पट्टी धरून फीलर गेजने पाहायचं. साधारण पाव मिलिमीटरचं पातं खाली शिरलं, तर जिथे हेडचं फेसिंग करतात त्याच दुकानात फ्लँज सपाट करून घ्यायची. गॅसकेट नवंच हवं. एकदा दाबलं गेलेलं पुन्हा तसं बसत नाही आणि दोन गॅसकेट एकावर एक लावल्याने जोड अधिक कमकुवत होतो. नट मधल्या सिलिंडरपासून कडेकडे, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानेच आवळायचे. ८ मिलिमीटरच्या स्टडला बऱ्याच गाड्यांत २० ते २५ न्यूटन-मीटर इतकाच टॉर्क सांगितलेला असतो. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधून घ्यावा. एअर गनने हे काम करू देऊ नये.

वेल्डिंग मारूनही गळती पुन्हा त्याच जागी येते तेव्हा वेल्डरला नावं ठेवण्याआधी पाइप कशावर लटकतोय ते पाहावं. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत इंजिन आडवं बसतं आणि गिअर टाकताना, अ‍ॅक्सिलरेटर दाबताना पुढे-मागे डोलतं. पाइप मात्र चासीला टांगलेला असतो. मधली जाळीदार फ्लेक्स पाइप हा डोल झेलते. बाहेरून बनवलेल्या कित्येक डाऊनपाइपांत तीच वगळलेली असते. मग सगळा ताण हेडरच्या जोडावर येतो आणि तडा तिथे जातो. इंजिन माउंट बसलेले असतील, हँगरचे रबर जुने असतील किंवा नवा सायलेन्सर मूळच्यापेक्षा जड असेल, तरी तेच. वेल्डिंग करायचंच असेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढून. स्टेनलेस आणि साधं लोखंड जोडायला ३०९ जातीची तार वापरावी. साध्या रॉडने केलेला जोड गंजून तडकतो.

सायलेन्सरच्या खालच्या छोट्या छिद्रातून किंवा टोकातून पाणी ठिबकणं ही मात्र गळती नव्हे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी तयार होतं. थंड सायलेन्सरमध्ये ते साचू नये म्हणूनच ते छिद्र ठेवलेलं असतं. वेल्डिंगने बुजवू नये. नव्या पाइपावरचं तेल जळून सुरुवातीला थोडा धूर आणि वास येतो, तोही लवकरच थांबतो.

‘पीयूसी पास आहे की’

पीयूसीची नळी टेलपाइपमध्ये घालतात. फटीतून आत ओढली गेलेली हवा धुरात मिसळून तो पातळ करते, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइडचा आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलवर ०.३ टक्क्यांची मर्यादा आहे. गळकी गाडी ती पाळताना दिसते आणि केबिनमध्ये विष सोडत राहते.

कायद्याचंही स्पष्ट सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ रचनेत परस्पर बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच अधोरेखित केलं. आवाज आणि प्रदूषणाचे निकष मोडल्यास कलम १९०(२) खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने लायसन्स अपात्र, अशी तरतूद आहे. कन्व्हर्टर काढून सरळ पाइप लावणं म्हणजे तर कार्बन मोनॉक्साइड न गाळता सोडणं. ते काम कुणी कितीही सफाईने केलं तरी करून घेऊ नये.

काम झाल्यावर खात्री इंजिन बंद ठेवूनच करता येते. व्हॅक्यूम क्लीनरची हवा फेकणारी बाजू टेलपाइपला फडक्याने बसवायची आणि पुढून मागे प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारायचं. बुडबुडे आले तिथे फट आहे. गाडीखाली जायचं तर नुसत्या जॅकवर नाही, स्टँड लावून. काही वेळा तापून थंड झाल्यावर, गॅसकेटच्या कंपनीने सांगितलं असेल तर नट एकदा पुन्हा टॉर्क पान्याने तपासायचे. आणि आठवडाभराने स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम पाहायचा: आधी अधिक पंधरा-वीस टक्के दाखवणारा आकडा शून्याच्या आसपास, पाच टक्क्यांच्या आत आला, तर ईसीयूने जादा पेट्रोल देणं थांबवलं आहे.