कुंपणाचा पैसा बुडाशी

परसात कुत्रं मोकळं सोडायचं म्हटलं की लोक आधी कुंपणाची उंची वाढवतात. खरं तर पहिला पैसा जमिनीलगत घालावा. कुत्रं उकरतं ते नेमकं जाळीच्या बुडाशी, आणि पावसाळ्यात भिजलेली माती पंजाला चटकन सुटते. म्हणून जाळीचा खालचा फूटभर भाग आतल्या बाजूला वळवून जमिनीवर पसरावा, वर चिरे ठेवावेत. मग पंजाखाली तारच येते. बांबूचे खांब स्वस्त पडतात, पण मातीतलं टोक कुजतं, वाळवी लागते; निदान कोपऱ्यांना आणि फाटकाला सिमेंटचे खांब हवेत. उंच उडी मारणाऱ्या कुत्र्याचं काय, हा आक्षेप रास्तच. त्याला पाच-सहा फूट जाळी लागेल. पण काटेरी तार नको. उडी चुकली तर पोटाची कातडी फाटते, बिचाऱ्याचे हाल होतात.