बर्फाखालचा मासा, बर्फावरचा माणूस

कॅनडातल्या टोरांटोच्या उत्तरेला, मोटारीने साधारण तासाभरावर, सिमको हा मोठा तलाव आहे. ऐन हिवाळ्यात तो गोठला की त्यावर छोट्या झोपड्या आणि तंबू उभे राहतात. बर्फाला गिरमिटाने भोक पाडायचे, गळ आत सोडायचा आणि स्टुलावर बसून वाट पाहायची, हा तिथला हिवाळी छंद. टोरांटो परिसरात मराठी कुटुंबे बरीच आहेत. शेजाऱ्याचे ‘चला मासे धरायला’ हे आमंत्रण त्यांनाही येऊ शकते.

या छंदिष्टांचा बॅरोमीटरवर भारी विश्वास. वायुदाब उतरू लागला की मासे गळाला लागतात आणि वादळ सरून दाब चढला की तोंड मिटून बसतात, असे ते सांगतात. कारण म्हणून माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीकडे, म्हणजे वाताशयाकडे, बोट दाखवले जाते.

गणित मात्र वेगळे बोलते. मोठ्या वादळातही वायुदाब सुमारे 30 हेक्टोपास्कलने उतरतो. पाण्यात तेवढाच फरक पडायला मासा जेमतेम 30 सेंटिमीटर वर यावा लागतो, आणि तेवढी ये-जा तो सहज करतो. दाबाचा खरा तडाखा त्याला बसतो तो गळाला लागल्यावर. 10 मीटर खोल पाण्यातला दाब पृष्ठभागापेक्षा दुप्पट असतो. तिथून पर्चसारखा मासा झपकन वर ओढला की वाताशय फुगतो, कधी जठर तोंडाशी येते.

बाहेरच्या थंडीचेही तसेच. पाणी 4 अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते, म्हणून तळाशी साधारण तेवढेच तापमान टिकते. वर उणे 5 असो की उणे 25, माशाला त्याचा पत्ता नसतो. शीतरक्ताचा असल्याने एवढ्या गार पाण्यात त्याचे पचन मंदावते आणि भूकही कमी होते, एवढेच.

तरीही बॅरोमीटर टाकाऊ नाही. चढता दाब म्हणजे बहुधा निरभ्र, कडाक्याच्या रात्री, आणि त्यात बर्फ जाड होतो. उतरता दाब हिमवृष्टी आणतो. भुसभुशीत हिम गोधडीसारखे काम करते, त्यामुळे खालच्या बर्फाची वाढ मंदावते. चालण्यासाठी किमान 4 इंच पारदर्शक बर्फ हवा, अशी उत्तर अमेरिकेतली सर्वसाधारण शिफारस आहे. पांढुरक्या बर्फाची ताकद जवळपास निम्मीच धरतात.

बर्फ फुटून माणूस आत पडलाच, तर गारठून मरायला लोक समजतात त्याहून बराच जास्त वेळ लागतो. पहिल्या मिनिटात धाप लागते आणि नाकातोंडात पाणी जाते. जीव जातो तो बहुतेकदा इथे. या मिनिटात फक्त डोके वर ठेवून श्वास सावरायचा. पुढची सुमारे 10 मिनिटे हातपाय ऐकतात. ज्या बाजूने आलो तिकडे तोंड करून, पाय मारत, आडवे होऊन बर्फावर सरपटायचे. लगेच उभे राहायचे नाही. शुद्ध हरपायला साधारण तासभर लागतो. बाहेर काढलेल्याचे ओले कपडे उतरवून त्याला कोरड्या पांघरुणात गुंडाळावे. दारू पाजणे घातक, कारण तिने त्वचेकडचा रक्तप्रवाह वाढून उरलीसुरली ऊबही निघून जाते.

दुसरा धोका झोपडीतला आहे. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरने आपल्याकडे माणसे दगावतात, ती ज्या वायूने, तोच कार्बन मोनॉक्साइड तिथल्या गॅसच्या शेगडीतूनही निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपट घट्ट चिकटतो. झोपडीत बसलेल्या दोघातिघांचे डोके एकदमच दुखू लागले, मळमळू लागले, तर तो हवामानाचा परिणाम समजू नये. आधी सगळ्यांनी बाहेर पडावे. शेगडीचे नंतर पाहता येते.