बेरोजगारांच्या नावाचा पैसा कोणाच्या हातात पडतो?

"महाराष्ट्र बेरोजगारी भत्ता, दरमहा ५,००० रुपये, आजच अर्ज करा." हा मजकूर वर्षानुवर्षं मोबाइलवर फिरतो आहे. कधी रक्कम बदलते, कधी 'प्रधानमंत्री बेरोजगारी भत्ता' असं नाव लागतं आणि आकडा ६,००० होतो. केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाने या दुसऱ्या संदेशाला खोटं ठरवलं आहे. महाराष्ट्रातही नुसतं बेरोजगार आहे म्हणून कोणाच्याही खात्यात दरमहा पैसे जमा करणारी सरसकट योजना नाही. तरीही माणसं अर्ज भरतात, आधार क्रमांक देतात, ओटीपी सांगून बसतात. चार-पाच वर्षं काम न मिळालेल्या माणसाला आशेवर फसवणं फार सोपं असतं. आणि एकदा फसलेला माणूस पुढे खऱ्या योजनेचा कागद समोर आला तरी हात लावत नाही. हे दुसरं नुकसान मला जास्त मोठं वाटतं.

असा भत्ता देशात कुठेच नाही, असंही नाही. निपाणी-बेळगावकडे नातेवाईक असलेल्यांनी कर्नाटकच्या 'युवा निधी'बद्दल ऐकलं असेल. पदवीनंतर १८० दिवसांत काम मिळालं नाही, तर पदवीधराला ३,००० आणि पदविकाधारकाला १,५०० रुपये महिना, जास्तीत जास्त दोन वर्षं. जानेवारी २०२४ मध्ये वाटप सुरू झालं. पण त्याला कर्नाटकचा रहिवास लागतो. कोल्हापूरच्या मुलाने तिथे अर्ज करून उपयोग नाही.

महाराष्ट्राने पूर्वीच वेगळा रस्ता धरला होता. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी १९७७ च्या कायद्यात बसली आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आली. मागेल त्याला काम, हे तिचं सूत्र. पगारदारांच्या चिठ्ठीत आजही दिसणारा २०० रुपयांचा व्यवसाय कर मुळात या हमीसाठी पैसा उभा करायला आणलेला होता. मात्र ही हमी ग्रामीण भागातल्या अंगमेहनतीच्या कामाची. डिप्लोमा घेऊन नाशिक-औरंगाबादच्या कारखान्यांचे उंबरे झिजवणाऱ्याला तिच्यात जागा नव्हती. त्याच्यासाठी पुढे ज्या योजना आल्या, त्यांतल्या बहुतेकांचा पैसा आधी दुसऱ्या कोणाच्या तरी हातात जातो: प्रशिक्षण केंद्र, आस्थापना किंवा बँक. बहुतेक गैरसमजांचं मूळ इथेच आहे.

"एम्प्लॉयमेंटला नाव आहे, नंबर लागेल"

दहावीचा निकाल लागला की एम्प्लॉयमेंटला नाव घालायचं, ही दोन पिढ्यांची सवय. त्या कचेऱ्यांचं आजचं नाव जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र, आणि नोंदणी 'महास्वयम्' संकेतस्थळावर होते. पण नोंदणीला नंबर नसतो. १९५९ च्या कायद्याने सरकारी कार्यालयांना आणि २५ किंवा जास्त कामगार असलेल्या खासगी आस्थापनांना रिक्त जागा कळवणं बंधनकारक केलं. मात्र जागा कळवली म्हणून तिथूनच माणूस घ्यावा, अशी सक्ती त्याच कायद्याने नाकारली होती. पुढे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी भरतीत फक्त रोजगार केंद्राने पाठवलेल्या नावांवर थांबू नये, जाहिरात देऊन इतरांनाही संधी द्यावी. रांगेत उभं राहण्याचा अर्थ तिथेच संपला.

तरी नाव नोंदवावं. रोजगार मेळाव्यांची माहिती तिथून येते आणि राज्याच्या योजनांचे अर्ज त्याच नोंदणी क्रमांकावर चालतात.

"सरकारी कार्यालयात सहा महिने काढले, आता कायम करतील"

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना जुलै २०२४ मध्ये आली. पंढरपुरातल्या आषाढीच्या घोषणेनंतर लोकांनी तिला 'लाडका भाऊ' म्हणायला सुरुवात केली. वय १८ ते ३५. बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन, थेट खात्यात. मुदत सहा महिने; २०२५ मध्ये ती पाच महिने वाढवून अकरा केली. ती संपल्यावर 'आम्हाला कायम करा' अशी मागणी झाली, आंदोलनं झाली.

शासन निर्णयात कायम करण्याचा शब्द कुठेही नव्हता. पण या मुलांना भोळं म्हणून सोडून देणं मला पटत नाही, कारण त्यांच्या अपेक्षेला महाराष्ट्रात इतिहास आहे. पूर्वी सुशिक्षित बेरोजगारांना दरमहा ३०० रुपये मानधनावर तीन वर्षं सरकारी कचेऱ्यांत अर्धवेळ कामाला घेतलं जाई. तेच पुढे 'पदवीधर अंशकालीन' म्हणून ओळखले गेले. त्यांना सरळसेवा भरतीत १० टक्के समांतर आरक्षण आणि ५५ वर्षांपर्यंत वयाची सवलत मिळाली. भरतीच्या जाहिरातींत हा रकाना आजही दिसतो. ज्या घरात काका अंशकालीनमधून लागले, त्या घरातला पुतण्या तशीच वाट पाहणारच. आताच्या योजनेत मात्र तसं आरक्षण जोडलेलं नाही. हाती राहतं ते अनुभवाचं प्रमाणपत्र. रुजू होण्याच्या दिवशीच मुलांना हे स्पष्ट सांगायला हवं. आणि त्या अकरा महिन्यांत काम शिकवलं की नुसत्या झेरॉक्स काढून घेतल्या, हा प्रश्न त्या कार्यालयाला विचारायला हवा.

शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप, हा याहून जुना आणि पक्का मार्ग आहे. त्यामागे १९६१ चा कायदा आहे, करार होतो आणि तो नोंदवला जातो. ३० किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायलाच हवेत. राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, महिना १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार देतं. उमेदवारी संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन इथेही नाही, पण एका कारखान्यातली नोंदलेली उमेदवारी दुसऱ्या कारखान्याच्या दारात ओळख देते.

"कोर्स केला की पैसे मिळतात आणि नोकरीही"

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेचे (२०१५) कोर्स मोफत असतात, म्हणजे फी सरकार भरतं. ती मिळते प्रशिक्षण केंद्राला. २०२१ च्या दरांप्रमाणे, कामाच्या प्रकारानुसार, एका प्रशिक्षणार्थीमागे तासाला साधारण ३५ ते ४९ रुपये. तीनशे तासांचा कोर्स असेल तर माणशी दहा ते पंधरा हजार झाले. हा पैसा हप्त्यांनी येई: मूळ नियमांत ३० टक्के वर्ग सुरू झाल्यावर, ५० टक्के प्रशिक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्र मिळाल्यावर आणि उरलेले २० टक्के काम लागल्यावर. ऐंशी टक्के रक्कम प्रमाणपत्रापर्यंतच वसूल होत असेल, तर मुलाला काम मिळवून देण्याची घाई केंद्राला किती असेल? प्रत्येक केंद्र खोटं नसतं. कळकळीने शिकवणारी माणसं आहेत, स्वतः फोन फिरवून मुलांना चिकटवून देणारी आहेत. पण नियमच जिथे बक्षीस ठेवतात तिथे बहुतेकांचं लक्ष जातं.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत मांडलेल्या कॅगच्या अहवालाने ही फट उघडी केली. योजनेच्या दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यातल्या ९५ लाखांहून अधिक नोंदींपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त ठिकाणी प्रशिक्षणार्थीच्या बँक खात्याचा रकाना शून्यांनी भरलेला किंवा कोराच होता. ज्यांच्या नावाने योजना, त्यांच्यापर्यंत पैसा पोचवायचा रस्ताच कागदावर नव्हता.

म्हणून प्रवेश घेण्याआधी केंद्राला मागच्या तुकडीबद्दल विचारा. कितीजण लागले, कुठे, किती पगारावर? त्यांतल्या दोघांशी बोलायला मिळेल का? 'शासनमान्य' अशी पाटी लावून फी घेणारे खासगी वर्ग वेगळे, आणि राष्ट्रीय कौशल्य चौकटीतलं, डिजिलॉकरवर तपासता येणारं प्रमाणपत्र वेगळं. हा फरक फी भरण्याआधी कळलेला बरा.

"पस्तीस टक्के सबसिडी, म्हणजे साडेतीन लाख हातात"

एजंट नेमकं हेच सांगतो. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा हिशोब एकदा कागदावर मांडून बघू. गावातल्या एका बाईला शेवया-पापडाच्या उद्योगासाठी १० लाखांचा प्रकल्प उभा करायचा आहे. महिला विशेष प्रवर्गात येतात, म्हणून ग्रामीण भागात अनुदान ३५ टक्के. शहरात ते २५ टक्के असतं. सर्वसाधारण प्रवर्गासाठी हे आकडे २५ आणि १५. तिने स्वतःचे ५ टक्के, म्हणजे ५०,००० घालायचे. बँक उरलेले साडेनऊ लाख कर्ज म्हणून देते. साडेतीन लाखांचं अनुदान तिच्या हातात येत नाही, बचत खात्यातही येत नाही. ते बँकेतच तीन वर्षं ठेव म्हणून अडकवलेलं राहतं. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. तीन वर्षांनी उद्योग चालू आहे का, हे जागेवर येऊन पाहतात आणि मग ती रक्कम कर्जात वळती होते. मधेच उद्योग बंद पडला तर अनुदान परत जाऊ शकतं आणि कर्ज डोक्यावर राहतं.

म्हणजे अनुदान हे धंदा तीन वर्षं टिकवण्याचं बक्षीस आहे. ज्याला फक्त सबसिडी हवी आहे, त्याने या वाटेला जाऊ नये. ज्याला धंदा करायचा आहे, त्याने जरूर जावं. अर्ज ऑनलाइन आणि मोफत आहे. जिल्हा उद्योग केंद्र किंवा खादी ग्रामोद्योग मंडळाच्या कचेरीत विचारायलाही पैसे लागत नाहीत. राज्याची मुख्यमंत्री रोजगार निर्मिती योजना (२०१९) याच धर्तीवर चालते. आणखी एक गोष्ट: लघुउद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शेत लिहून द्यायला सांगितलं, तर या नियमाचा उल्लेख करून नकाराचं कारण लेखी मागावं.

'मोफत शिलाई मशीन'चा संदेशही असाच निम्मा खरा असतो. पीएम विश्वकर्मा योजनेत (१७ सप्टेंबर २०२३) अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत आणि शिंपीकाम त्यांत येतं. आधी प्रशिक्षण घ्यायचं, त्या काळात दिवसाला ५०० रुपये मिळतात, आणि मग हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर. ते रोख नसतं. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो, आणि तो माणूस त्या व्यवसायात आधीपासून हाताने काम करणारा असावा लागतो.

ज्याचा खरोखर हक्क आहे, ते कोणी मागत नाही

कारखान्यात, सिक्युरिटीत, मॉलमध्ये काम करणाऱ्या लाखोंच्या पगारातून ईएसआयसीचे, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे, ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. पगाराची मर्यादा २१,००० रुपये. बहुतेकांच्या लेखी हे कार्ड म्हणजे दवाखाना. नोकरी गेली की ते कपाटात जातं. पण याच विम्यात अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना (२०१८) आहे. नोकरी सुटल्यावर ९० दिवसांपर्यंत सरासरी रोजच्या वेतनाच्या ५० टक्के रक्कम मिळते. मार्च २०२० पूर्वी ती २५ टक्के होती. किमान दोन वर्षं विमा असावा लागतो आणि आधीच्या अंशदान काळात किमान ७८ दिवसांचं अंशदान भरलेलं असावं लागतं. नोकरी सुटून तीस दिवस झाले की दावा करता येतो आणि त्यासाठी मालकाच्या सहीमागे धावावं लागत नाही. रोजचं वेतन ५०० धरलं तर ही रक्कम २२,५०० होते. गैरवर्तनावरून काढलेल्याला किंवा निवृत्ताला ती मिळत नाही, आणि आयुष्यात एकूण ९० दिवसच. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवत आणलेली आहे, म्हणून आधी शाखेत विचारून घ्यावं.

कारखाना बंद पडला किंवा कपात झाली, तर त्याच महामंडळाचा राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेचा भत्ता आहे: पहिले बारा महिने वेतनाच्या ५० टक्के, पुढचे बारा महिने २५ टक्के. त्या काळात औषधोपचार चालू राहतात आणि नवं काम शिकायचं असेल तर प्रशिक्षणाची फी महामंडळ भरतं. माझ्या मते दीर्घकाळच्या बेरोजगारीला आपल्याकडे जी काही खरी तरतूद आहे, ती ही. तिचं नाव गेटसभेत क्वचितच ऐकू येतं. ती भीक नाही, आपल्याच पगारातून भरलेला विमा आहे.

तरतूद असूनही ती कामगारापर्यंत न पोचण्याची किंमत मुंबईच्या गिरणगावाने मोजली आहे. १९८२ च्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले, गिरण्या एकेक करून थांबल्या. कायमच्या बंद झालेल्या गिरण्यांसाठी १९८६ मध्ये केंद्राने पुनर्वसन निधी काढला: पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५. पण गिरणी कायद्याने 'बंद' ठरल्याशिवाय हा निधी हलत नसे. गेटला कुलूप असूनही कागदोपत्री गिरणी बंद नव्हती, असे कामगार त्याच्या बाहेर राहिले. १९९२ च्या राष्ट्रीय नवीकरण निधीत पुनर्प्रशिक्षणाचा हेतू लिहिलेला होता, तरी बराचसा पैसा स्वेच्छानिवृत्तीच्या रकमांत गेला. पंचेचाळिशीतल्या साचेवाल्याला नवं काम शिकवायला कोणी बसलं नाही.

"आता वय झालं"

युवा कार्य प्रशिक्षणाला ३५ ची मर्यादा आहे, म्हणून सगळीच दारं बंद, असं चाळिशीतली माणसं धरून चालतात. आयटीआयला किमान वय १४ लागतं. कमाल वयाची अट नाही. कौशल्य विकास योजनेच्या चौथ्या टप्प्यात अल्प मुदतीचे कोर्स ४५ पर्यंत आहेत. आणि हाताला काम येतं पण कागद नाही, अशा वायरमन, प्लंबर, गवंड्यांसाठी 'पूर्व-अनुभवाला मान्यता' हा भाग ५९ वर्षांपर्यंत खुला आहे. त्यात येत असलेलं काम तपासून प्रमाणपत्र देतात. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था राहण्या-जेवणासह मोफत शिकवते आणि नंतर दोन वर्षं पाठपुरावा करते.

उणीव दुसरीकडे आहे. प्रशिक्षणाच्या या योजना वय विचारतात, शिक्षण विचारतात, जात आणि रहिवास विचारतात. किती वर्षं काम नाही, हे विचारत नाहीत. त्यामुळे सहा महिने घरी बसलेला मुलगा आणि सहा वर्षं घरी बसलेला माणूस एकाच रांगेत उभे राहतात आणि तुकडी भरताना केंद्र पहिल्याला निवडतं. अर्जात हा एक रकाना वाढवणं आणि त्या माणसाला काम लागल्यावर केंद्राला जास्त रक्कम देणं, एवढा बदल शासन निर्णयाच्या एका परिच्छेदात होऊ शकतो.