बाईकच्या पोटाखाली स्किड प्लेट लावताय? फक्त पत्र्याची जाडी पाहू नका, या गोष्टीही तपासा!

समजा, हिमाचलमधला ग्रांफू ते बातल हा दगडधोंड्यांचा रस्ता आहे. पुण्याहून निघालेला एक रायडर ओढा पार करतोय. गढूळ पाण्यात तळाचा दगड दिसत नाही. पुढचं चाक त्यावरून जातं आणि खालून ‘ठक्क’ असा आवाज येतो. बाईक बंद पडत नाही, म्हणून तो तसाच पुढे जातो. थोड्या वेळाने चहासाठी थांबल्यावर लक्षात येतं, की इंजिनखाली ऑइलचं थारोळं साचलंय.

चेंबरला केसाएवढी चीर गेलेली असते. जवळपास गॅरेज नसतं. तशीच बाईक दामटली, तर ऑइलविना इंजिन काही मिनिटांत जाम होऊ शकतं. चार हजारांचं काम मग थेट इंजिन उघडण्यापर्यंत जातं आणि ट्रिप तिथेच संपते.

हे टाळण्यासाठी इंजिनखाली जो पत्रा लावतात, ती म्हणजे स्किड प्लेट. कुणी तिला बॅश प्लेट म्हणतं, कुणी संप गार्ड. बाजारात गेलं की पहिला प्रश्न हमखास असतो, “किती एमएमची आहे?” प्रश्न चुकीचा नाही, पण तेवढाच विचारून भागत नाही. दगडाचा मार बसल्यावर तो पुढे नेमका कुठे जातो, यावर प्लेट चांगली की वाईट हे ठरतं.

इंजिनला एवढा धोका का असतो?

इंजिनचं बाहेरचं कवच ओतीव ॲल्युमिनियमचं असतं. ते वजनाला हलकं असतं आणि उष्णताही चांगली बाहेर टाकतं. पण अशा ओतीव धातूवर जोराचा मार बसला, तर तो वाकण्याऐवजी तडकतो. त्यात ऑइल काढायचा ड्रेन बोल्ट बऱ्याच बाईकमध्ये अगदी तळाशी असतो. काही बाईकमध्ये ऑइल फिल्टर आणि पुढून खाली येणारा सायलेन्सरचा बेंड पाईपही दगडाच्या वाटेतच असतात.

आता वजनाचा हिशोब करू. सुमारे २०० किलोची बाईक, ७५ किलोचा रायडर आणि २० किलो सामान धरलं, तर जवळजवळ ३०० किलो होतात. खड्ड्यात सस्पेन्शन दाबलं गेलं आणि त्याच वेळी खाली दगड आला, की हा सगळा भार एखाद्या नाण्याएवढ्या जागेवर पडतो. तो भार पसरवणं आणि बाईकला दगडावरून घसरत पुढे जाऊ देणं, ही दोन कामं प्लेटने करायची असतात. ‘स्किड’ हे नावही त्या घसरण्यावरूनच आलंय.

प्लेट कशाला बसवली आहे, ते आधी पाहा

रॉयल एनफिल्डच्या जुन्या ४११ सीसी हिमालयनमध्ये फ्रेमच्या नळ्या इंजिनच्या खालून जातात. अशा बाईकला प्लेट थेट फ्रेमवर बसवता येते. मार बसला तर तो प्लेटमधून फ्रेममध्ये जातो आणि इंजिन वाचतं.

केटीएम ३९० ॲडव्हेंचरसारख्या बाईकमध्ये ट्रेलिस फ्रेम असते. तिथे इंजिन वरून लटकलेलं असतं आणि त्याच्या खाली नळ्या नसतात. अशा वेळी प्लेटला आधार देण्यासाठी पट्ट्या लावाव्या लागतात. त्या पट्ट्या फ्रेमच्या किंवा इंजिन बसवण्याच्या मजबूत बोल्टवर असतील, तर ठीक. पण प्लेट इंजिनच्या कवचावरच्या छोट्या बोल्टवर टांगलेली असेल, तर दगडाचा मार त्या बोल्टमधून कवचालाच बसतो. मग पत्रा कितीही जाड असला तरी उपयोग नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे प्लेट आणि चेंबर यांच्यामधली मोकळी जागा. पत्रा थोडा दबला तरी तो इंजिनला टेकता कामा नये. साधारण बोटभर फट असलेली बरी. काही प्लेटमध्ये या फटीत रबर किंवा फोमचा तुकडा असतो. त्याने खडखड कमी होते आणि मारही थोडा पसरतो.

ॲल्युमिनियम, स्टील की प्लास्टिक?

३० बाय ४५ सेंटिमीटरचा सपाट तुकडा धरला, तर वजन साधारण असं येतं:

- ४ एमएम ॲल्युमिनियम: सुमारे दीड किलो
- ३ एमएम स्टील: सुमारे ३.२ किलो
- ८ एमएम एचडीपीई प्लास्टिक: सुमारे १ किलो

ॲल्युमिनियम हलकं असतं आणि गंजून पोखरत नाही, म्हणून बहुतेक जण तेच घेतात. त्यातही ग्रेड असतात. ५०५२ ग्रेडचा पत्रा सहज वाकवता येतो. ६०६१ अधिक कणखर असतो, पण कडक केलेला ६०६१ काटकोनात वाकवला तर त्या घडीवर चिरा पडू शकतात. म्हणून ग्रेडचा नुसता आकडा ऐकून खूश होऊ नका. घडी आणि वेल्डिंग कसं केलंय, ते हात फिरवून बघा.

स्टील दणकट आणि स्वस्त असतं. मार खाऊन वाकलं, तर गावातला वेल्डरसुद्धा ते ठोकून सरळ करून देतो. पण ते जड असतं आणि दगडाने रंग खरवडला की साधं स्टील गंजायला लागतं. कोकणात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

एचडीपीई दगडावरून सहज घसरतं आणि आवाजही कमी करतं. मात्र हे प्लास्टिक सुमारे १३० अंशांना वितळतं आणि बेंड पाईप त्याहून कितीतरी जास्त तापतो. त्यामुळे पाईप जवळून जात असेल, तर मध्ये पुरेसं अंतर किंवा उष्णतारोधक थर हवाच.

आकारात काय बघायचं?

प्लेटचं पुढचं टोक होडीसारखं वर उचललेलं असावं, म्हणजे दगड अडकत नाही. मागची कडाही वर वळलेली हवी. दगडावरून मागे घसरताना उघडी कड नांगरासारखी रुतते.

बोल्टची डोकी पत्र्यात बुडालेली असावीत. बाहेर आलेली डोकी दगडावर घासून गुळगुळीत होतात आणि पुढच्या सर्व्हिसिंगला ते बोल्ट कापूनच काढावे लागतात.

ऑइल बदलण्यासाठी ड्रेन बोल्टसमोर भोक असेल तर सोय होते. पण ते फार मोठं नसावं, नाहीतर त्यातूनच टोकदार दगड आत जायचा. चिखल आणि पाणी निघून जाण्यासाठी छोटी छिद्रंही हवीत. साचलेल्या चिखलाने वजन वाढतं आणि एअर-कूल्ड इंजिनला हवा कमी मिळते. शिवाय प्लेट आणि गरम पाईप यांच्यामध्ये सुकं गवत अडकलं, तर ते पेटू शकतं. डिसेंबरनंतर सह्याद्रीतल्या वाळलेल्या माळरानांवर बाईक नेणाऱ्यांनी हे नक्की लक्षात ठेवावं.

प्लेट लावली म्हणजे दगड पार होतो का?

नाही! पत्रा आणि फट मिळून बाईकची जमिनीपासूनची उंची थोडी कमीच होते. ४११ हिमालयन आणि हिरो एक्सपल्स २०० यांची उंची २२० एमएम आहे, तर २०२० साली आलेल्या केटीएम ३९० ॲडव्हेंचरची २०० एमएम. कंपनीच्या प्लेटपेक्षा नवी प्लेट १५ एमएम खाली आली, तर तेवढा दगड आधी लागणार.

पुढचं चाक सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर प्लेटला घासत नाही ना, हेही बसवतानाच बघून घ्या. आणि बाईक आडवी पडली, तर क्लचच्या बाजूचं कव्हर स्किड प्लेट वाचवत नाही. त्यासाठी क्रॅश गार्ड वेगळा लागतो.

सगळ्यांनाच ही प्लेट हवी का?

रोजचं ऑफिस आणि महिन्यातून एकदा हायवेने महाबळेश्वर, एवढाच वापर असेल, तर कंपनीकडून आलेली प्लेट बहुतेकदा पुरेशी असते. कच्चे घाटरस्ते, जांभ्या दगडाच्या वाटा, नदीतलं पात्र किंवा लडाख-स्पितीचा बेत असेल, तेव्हाच मोठ्या प्लेटवर खर्च करा.

प्लेट बसवल्यावर पहिल्या १०० किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळून घ्या. ॲल्युमिनियमच्या प्लेटला स्टीलचे बोल्ट असतील आणि गाडी समुद्रकाठी असेल, तर आट्यांना अँटी-सीझ ग्रीस लावा, नाहीतर ते चिकटून बसतात. लांबच्या ट्रिपला एम-सीलची एक पुडी जवळ ठेवा. छोटी चीर गेली, तर ऑइल काढून, जागा पुसून कोरडी करून ती भरता येते. नवं ऑइल टाकून हळूहळू गॅरेजपर्यंत पोहोचता येतं.

आणि प्रत्येक ट्रिपनंतर मोबाइलचा टॉर्च घेऊन खाली वाका. पत्र्यावर ओरखडे दिसले तर काळजी नको, ते त्याचं कामच आहे. पण पत्रा दबून चेंबरला टेकला असेल, तर पुढच्या ट्रिपला निघण्याआधी तो सरळ करून घ्या. कारण आता बसणारा पुढचा मार थेट इंजिनला लागणार आहे.