बोटॉक्स की डिसपोर्ट? नुसता ‘युनिट’चा दर पाहून ठरवू नका

लग्नसराई जवळ आली की ब्युटी क्लिनिकच्या जाहिराती सुरू होतात. ‘दहा मिनिटांत आठ्या गायब’, ‘निम्म्या दरात बोटॉक्स’ असे मेसेज मोबाईलवर फिरू लागतात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची काही मंडळी त्यासाठी कोल्हापूर, हुबळी किंवा गोवाही गाठतात. पण बोटॉक्स हे एका कंपनीच्या ब्रँडचे नाव आहे. त्याच जातीची आणखी इंजेक्शने बाजारात आहेत, त्यांचे डोस वेगळे आहेत आणि दरही वेगळे आहेत. कुठले घ्यायचे हे ठरवण्याआधी थोडा हिशेब समजून घेतलेला बरा.

हे औषध करते काय?

या सगळ्या इंजेक्शनांतला मूळ घटक एकच, बोट्युलिनम टॉक्सिन ‘ए’. खराब झालेल्या डबाबंद अन्नातून विषबाधा करणाऱ्या जिवाणूचेच हे विष. अत्यंत सूक्ष्म प्रमाणात ते औषध ठरते. स्नायूला ‘आखड’ असा निरोप देणारे रसायन मज्जातंतूच्या टोकातून बाहेर पडते, ते हे औषध अडवते. स्नायू सैल पडतो आणि त्यावरच्या कातडीची घडी मोडते. काही महिन्यांत मज्जातंतूंचे काम पूर्ववत होते आणि आठी परत येते. म्हणजे हा कायमचा उपाय नाही.

अमेरिकेत १९८९ साली याला पहिली मान्यता मिळाली ती सौंदर्यासाठी नव्हे, तर तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी. कॅनडातील डोळ्यांच्या डॉक्टर जीन कॅरुथर्स यांना पापण्यांचा उपचार करताना रुग्णांच्या आठ्याही कमी झाल्याचे दिसले. त्यांचे पती अ‍ॅलेस्टर हे त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून यावर काम केले. भुवयांमधल्या आठ्यांसाठी अमेरिकेची मान्यता २००२ मध्ये आली.

आधी आरशासमोर उभे राहा

कपाळाला आठ्या घाला, मग चेहरा सैल सोडा. आठी फक्त हालचालीत दिसत असेल, तर या इंजेक्शनचा चांगला उपयोग होतो. भुवयांमधल्या उभ्या आठ्या, कपाळावरच्या आडव्या रेघा आणि हसताना डोळ्यांच्या कडेला पडणाऱ्या चुण्या ही याची नेहमीची ठिकाणे. चेहरा शांत असतानाही खोल रेघ राहत असेल, तर नुसत्या या इंजेक्शनने ती पुरती जात नाही. नाकापासून ओठांच्या कडेपर्यंत उतरणाऱ्या घडीसाठी बहुधा फिलर वापरतात. ते वेगळे औषध, त्याचे धोकेही वेगळे. त्यामुळे ‘बोटॉक्स करून टाका’ असे म्हणण्याआधी डॉक्टरांनी चेहरा हलवून पाहिला का, हे बघा.

ब्रँडमध्ये फरक कुठे?

भुवयांमधल्या आठ्यांचा नेमून दिलेला डोस पाहा. बोटॉक्स २० युनिट, झिओमिन २० युनिट, डिसपोर्ट ५० युनिट. डिसपोर्ट अडीचपट लागते म्हणजे ते कमजोर आहे असे नाही. प्रत्येक कंपनीचे युनिट मोजायचे माप वेगळे आहे. एकाचे युनिट दुसऱ्यात ठरावीक पटीने बदलता येत नाही.

नेमका इथेच ग्राहक फसतो. समजा, एका दवाखान्यात बोटॉक्सचा दर युनिटमागे ३०० रुपये आहे आणि दुसरीकडे डिसपोर्ट १५० रुपयांना. दुसरे निम्म्या दरात वाटते. पण पहिल्याचे २० युनिटचे ६,००० रुपये होतात आणि दुसऱ्याचे ५० युनिटचे ७,५००. म्हणून दर युनिटचा नव्हे, पूर्ण जागेचा विचारा. असर साधारण तीन ते चार महिने टिकतो. म्हणजे वर्षाला तीन वेळा खर्च धरून चला. सौंदर्यासाठीचा हा खर्च मेडिक्लेममध्ये बसत नाही, हेही लक्षात असू द्या.

डिसपोर्टमध्ये गाईच्या दुधातील प्रथिनांचा अंश असू शकतो. दुधाच्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी ते घेऊ नये. झिओमिनमध्ये टॉक्सिनभोवतीची जादा प्रथिने काढलेली असतात. अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळालेले डॅक्सिफाय जास्त काळ टिकते असे चाचण्यांत दिसले. पण जास्त टिकणे म्हणजे काही बिघडले तर तेही जास्त टिकणे, हा हिशेब विसरू नये. पहिल्यांदाच घेणाऱ्याने डॉक्टरांच्या हातात रुळलेला ब्रँड निवडणे शहाणपणाचे.

स्वस्त कुठे महाग पडते?

हे औषध पावडरच्या रूपात येते, ते सलाईनमध्ये विरघळवावे लागते. बोटॉक्सच्या १०० युनिटच्या बाटलीत अडीच मिली सलाईन घातले की ०.१ मिलीमध्ये ४ युनिट येतात. सलाईन जास्त घातले तर सुईतले पाणी तेवढेच दिसते, औषध मात्र कमी जाते. बाटली २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. पर्समधून आणलेली किंवा ‘कालच फोडलेली’ बाटली चालवून घेऊ नका. बनावट मालही फिरतो. २०२४ मध्ये अमेरिकेत बनावट बोटॉक्समुळे लोक रुग्णालयात दाखल झाले होते.

डोकेदुखी, सूज, काळानिळा डाग हे किरकोळ त्रास. औषध चुकीच्या जागी गेले तर पापणी खाली येते आणि काही आठवडे तशीच राहते. असर लगेच उतरवणारे औषध नाही, वाट पाहावी लागते. गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर मात्र थेट हॉस्पिटल गाठा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी हे टाळावे. मायस्थेनियासारखे स्नायूंचे आजार असणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. चालू असलेली औषधे, विशेषतः अँटिबायोटिक, लपवू नका.

हे पाच प्रश्न विचारा

१. इंजेक्शन कोण देणार? त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन आहेत का, आणि कोणत्या राज्याच्या मेडिकल कौन्सिलमध्ये नोंद आहे?
२. ब्रँड कोणता? बाटली समोर फोडणार का? बॅच नंबर आणि मुदत बिलावर लिहून देणार का?
३. किती युनिट, कुठल्या जागी?
४. दोन आठवड्यांनी तपासणीला हेच डॉक्टर भेटणार का?
५. पापणी उतरली तर जबाबदारी कोणाची?

शेवटचे दोन प्रश्न सीमाभागात जास्त महत्त्वाचे. परगावचे डॉक्टर रविवारी ‘कॅम्प’ करून निघून जातात आणि त्रास सुरू होतो चार दिवसांनी. दुसऱ्या राज्यात उपचार घेतले तर तपासणीसाठी पुन्हा तिकडेच जावे लागते. ते भाडेही खर्चात धरा.

असर दोन-चार दिवसांत जाणवू लागतो, पुरता दिसायला दोन आठवडे लागतात. म्हणून घरात कार्य असेल तर निदान महिनाभर आधी इंजेक्शन घ्यावे. हळदीच्या आदल्या आठवड्यात सुई टोचून घेतली आणि काही बिघडले, तर दुरुस्तीला वेळच उरत नाही.