धुळीआडच्या दीर्घिका

सप्तर्षींच्या परिसरात, सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर एम-८२ ही दीर्घिका आहे. दुर्बिणीतून ती लांबट, धूसर पट्ट्यासारखी दिसते आणि तिच्या मधोमध काळपट चिरा दिसतात. तिथे धूळ दाटलेली आहे, आणि त्या धुळीमागेच ताऱ्यांचा जन्म सर्वांत जोरात चालू आहे. मला हे नेहमीच विलक्षण वाटत आले आहे. ज्या वायूतून तारे जन्मतात त्यातच ही धूळ मिसळलेली असते, त्यामुळे नव्या ताऱ्यांचा उजेड उगमापाशीच अडतो.

ही धूळ म्हणजे कार्बन आणि सिलिकेटचे कण, काजळीसारखे सूक्ष्म. आखूड तरंगलांबीचा निळा प्रकाश त्यांच्यात जास्त अडकतो, लाल बराचसा सुटून येतो. (विश्वप्रसरणामुळे होणारी ताम्रसृती वेगळी. तिच्यात वर्णपटातल्या रेषा जागा सोडतात. धूळ त्यांना जागेवर ठेवून मंद करते.) दूरचे तारकागुच्छ वाजवीपेक्षा मंद दिसतात, हे १९३० साली रॉबर्ट ट्रम्पलर यांनी दाखवले आणि ताऱ्यांमधली जागा स्वच्छ असल्याचा समज मोडला.

पण तांबूस दीर्घिका धुळीनेच तांबूस झालेली असते असे नाही. म्हातारे तारेही लालसर असतात. इथे हायड्रोजन मदतीला येतो. तापलेल्या वायूत त्याची ६५६३ अँगस्ट्रॉमची लाल रेषा ४८६१ अँगस्ट्रॉमच्या निळसर रेषेच्या साधारण २.८६ पट तेजस्वी असते. हे प्रमाण चार-पाचवर गेलेले दिसले, तर मधे धूळ आहे.

१९९४ मध्ये डॅनिएला काल्झेट्टी आणि सहकाऱ्यांनी जोमाने तारे घडवणाऱ्या ३९ दीर्घिकांचे अतिनील वर्णपट तपासले. पुढे असे दिसले की अशा दीर्घिकांत ताऱ्यांच्या प्रकाशाचा तांबूसपणा वायूच्या तांबूसपणाच्या निम्म्याहूनही कमी, सुमारे ०.४४ पट भरतो. ताजे तारे धुळीच्या ढगात असतात, तर थोडे वय झालेले बाहेर पडलेले असतात. खरी अडचण याच मांडणीत आहे. आपल्यासमोर पडद्याआडचा एकच दिवा नसतो. काही दिवे पडद्याच्या अलीकडे, काही आत मिसळलेले, आणि कणांवरून विखुरलेला थोडा प्रकाश पुन्हा आपल्याकडे वळलेला. पडद्याच्या अलीकडचे निळे तारे रंग सावरून धरतात. म्हणून दीर्घिकेचा बराच प्रकाश गिळला गेला असूनही ती फारशी तांबूस दिसत नाही. नुसत्या रंगावरून हिशेब मांडणारा इथे फसतो.

गिळलेला प्रकाश मात्र नाहीसा होत नाही. धूळ तापते आणि तो अवरक्तात परत देते. १९८३ च्या आयरास उपग्रहाने हे ठळकपणे दाखवले. सुमारे २५ कोटी प्रकाशवर्षांवरच्या आर्प-२२० या दीर्घिकेची जवळजवळ सगळी ऊर्जा अवरक्तातच बाहेर पडते. रेडिओलहरींना तर ही धूळ अडवतच नाही. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीसारख्या रेडिओ दुर्बिणींचे मोल इथे कळते.

जानेवारी २०१४ मध्ये एम-८२ मध्येच एक सुपरनोव्हा दिसला. हा मात्र खरोखरच पडद्याआडचा एकटा दिवा होता. त्याचा प्रकाश चांगलाच तांबूस झालेला होता. आपल्या आकाशगंगेत मंदपणा आणि तांबूसपणा यांचे गुणोत्तर सरासरी ३.१ असते, या सुपरनोव्हाच्या वाटेवर ते १.४ च्या आसपास निघाले.